सुटं इंजिन घरी आणताना: आधी चौकट, मग उचल

माझं पहिलं स्पेअर इंजिन मी एका जुन्या टायरवर बसवून, हॅचबॅकच्या डिकीत घालून घरी आणलं. वाटेत काहीच झालं नाही. पट्टा तुटला नाही, काच फुटली नाही, कुणाचं बोट चेंगरलं नाही. आपल्याला हे जमतं, असं वाटून गेलं. चार महिन्यांनी ते इंजिन गाडीत चढवलं, सेल्फ मारला, पहिल्याच झटक्यात सुरू झालं, आणि ऑइलचा लाल दिवा काही विझेना. लगेच बंद केलं. मग दुपारभर प्रेशर स्विचला दोष देत बसलो. शेवटी चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेलं ऑइलचं भांडं, खोललं. पत्र्याचा तळ अंगठ्याच्या पेराएवढा आत गेला होता आणि ऑइल पंपाच्या जाळीला जवळजवळ चिकटला होता. पंपाला ऑइल ओढायला वाटच नव्हती. कुठल्यातरी गतिरोधकावर टायर दबला असणार आणि मधल्या भोकातून खाली आलेलं चेंबर डिकीतल्या स्टेपनीच्या बोल्टवर आदळलं असणार. आवाज आला असेलही. मी गाणी ऐकत होतो.

त्यानंतर बरीच इंजिनं आणली. एक गोष्ट मात्र पक्की कळली. इंजिन हवेत लटकलेलं असताना सगळे सावध असतात. घात होतो तो एका आधारावरून दुसऱ्या आधारावर जाताना: जमिनीवरून हुकावर, हुकावरून गाडीत, गाडीतून फरशीवर. प्रत्येक वेळी कुणीतरी 'थांब, जरा इकडे घे' म्हणतं, कुणाचा तरी हात खाली जातो आणि चेंबर किंवा एखादा सेन्सर कशावर तरी टेकतो. म्हणून माझी पद्धत अशी: इंजिन एकदाच लाकडी चौकटीवर बसवायचं, नटबोल्टने पक्कं करायचं आणि पुढे इंजिनाला हात न लावता चौकटच हलवायची. खालचं सगळं त्या एका चौकटीभोवती फिरतं.

वजन किती धरायचं

विकणाऱ्याला वजन विचारलं की तो सांगतो, 'आम्ही दोघं उचलतो की!' हे वजन नव्हे, ही बढाई. ढोबळ हिशेब असा धरा. अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचं छोटं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन ७० ते ९० किलो. चार सिलिंडरचं, १.२ ते १.६ लिटरचं ९० ते १३० किलो. लोखंडी ब्लॉकचं दोन-अडीच लिटरचं डिझेल १८० ते २५० किलो. लोखंडी व्ही-८ असेल तर अडीचशेच्या पुढेच. यात अल्टरनेटर, सेल्फ, मॅनिफोल्ड आणि फ्लायव्हील आहेत असं समजा. गिअरबॉक्स वेगळा: पुढच्या चाकांच्या गाडीचा मॅन्युअल असेल तर ३० ते ५० किलो, ऑटोमॅटिक असेल तर ७० ते १००.

गिअरबॉक्स जोडूनच आणायचा मोह होतो. वेळ असेल तर तिथेच सोडवा. जोडलेल्या अवस्थेत तोल बेलहाउसिंगकडे (इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या घंटेसारख्या कवचाकडे) सरकतो, लांबी वाढते, चौकट मोठी करावी लागते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सोडवलात तर टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असतो तो जड, गोल डबा) नुसता शाफ्टवर बसलेला असतो. गिअरबॉक्स पुढे कलला की तो घरंगळून बाहेर येतो, आणि त्यात ऑइल भरलेलं असल्यामुळे पायावर पडला तर पाय जातो. बेलहाउसिंगच्या दोन भोकांतून लोखंडी पट्टी आडवी बांधली की काम झालं.

इंजिन पूर्ण खोलून नव्यानं बांधायचंच ठरलं असेल, तर उचलण्याचा अर्धा प्रश्न पान्यानेच सुटतो. हेड, मॅनिफोल्ड, फ्लायव्हील, अल्टरनेटर, सेल्फ सुटे केले की उरलेला अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक दोघं उचलतात. पण चालू इंजिन म्हणून घेतलेल्याचं हेड केवळ वाहतुकीसाठी काढू नका. गॅसकेट आणि हेडबोल्टचं काम उगीच अंगावर येतं.

मोजमाप घरापासून सुरू करा

माणूस इंजिनापासून विचार सुरू करतो: ते उचलायचं कसं, गाडी कुठली. उलटं करा. इंजिन शेवटी कुठे बसणार त्या जागेवर खडूने चौकोन काढा आणि तिथून मागे चालत या. शटरची रुंदी किती, उंबरा किती उंच, फरशी सपाट आहे की उताराची, वाटेत जाळी किंवा पायरी आहे का. इंजिन उचलायच्या ढकलत्या क्रेनची लोखंडी चाकं लहान असतात; दोन सेंटिमीटरच्या उंबऱ्यालाही ती अडतात आणि वर लटकलेलं इंजिन पुढे झोका घेतं. खडबडीत आवारात क्रेन ढकलणार असाल तर तो बेत आत्ताच सोडा.

मग उंची. ही बेरीज मी दर वेळी कागदावर करतो. पिकअपच्या हौद्याची उंची ८० सें.मी., चौकट १०, इंजिन ७०, वर साखळी आणि हूक ४०. म्हणजे हूक किमान दोन मीटर वर जायला हवा, आणि वर हाताची मोकळीक हवी ती वेगळी. घडीची क्रेन तेवढी वर जाते का ते तिच्या पाटीवर पाहा, आणि गॅरेजच्या दाराची चौकट तिच्या दांडीला आडवी येते का तेही.

क्रेनची दुसरी मेख क्षमतेत आहे. 'दोन टन' हा आकडा दांडी पूर्ण आत असतानाचा. दांडी जितकी बाहेर काढाल तितकी क्षमता घसरते. शेवटच्या भोकाला साधारण अर्धा टनच उरतो. दांडीवर भोकाशेजारी आकडे कोरलेले असतात. हौद्याच्या आत पोहोचायला दांडी बहुतेक वेळा शेवटच्या भोकावरच न्यावी लागते, म्हणून तोच आकडा धरा. दीडशे किलोच्या इंजिनाला अर्धा टन भरपूर आहे. पण भाड्याच्या जुन्या क्रेनचा जॅक गळका असेल तर आकड्यांचा उपयोग नाही. आणल्याबरोबर एखादं वजन अडकवून पाच मिनिटं टांगून ठेवा आणि हूक खाली सरकतो का ते फूटपट्टीने बघा.

चौकट

खाली दोन जाड वासे, त्यांच्यावर तीन आडव्या फळ्या. वाशांची पुढची-मागची टोकं खालून तिरकी कापा, म्हणजे ती उंबऱ्याला अडत नाहीत. स्क्रूऐवजी आरपार बोल्ट आणि मोठे वॉशर घाला. लाकडात नुसता फिरवलेला स्क्रू धक्क्याने ढिला होतो.

माप मनाने घेऊ नका. जोरात ब्रेक मारला की मालावर पुढच्या दिशेला त्याच्या वजनाच्या ०.८ पट जोर येतो असं धरायची रीत आहे. बाजूला आणि मागे ०.५ पट. मालवाहतुकीचे नियम हेच आकडे वापरतात. इंजिनाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४० सें.मी. वर असेल, तर वळणावर ते नुसतं उभं राहायला मध्यापासून दोन्ही बाजूंना निदान २० सें.मी. पाया हवा, आणि ब्रेकला टिकायला पुढे ३२. म्हणजे ४० बाय ६४ हा अगदी काठावरचा आकार झाला. मी ६० बाय ९० करतो. त्याहून मोठी केली तर दारातून जात नाही.

आता मुख्य भाग. चेंबरच्या तळाखाली बोटभर मोकळी जागा राहिलीच पाहिजे. वजन ब्लॉकवर यायला हवं: पुढच्या बाजूला फाउंडेशनच्या (इंजिन गाडीत ज्या ब्रॅकेटवर बसतं त्याच्या) बोल्टांवर, मागे बेलहाउसिंगच्या कडेवर. फाउंडेशनसाठी लोखंडी अँगलचे दोन उभे तुकडे चौकटीला बोल्ट करा आणि इंजिनाची भोकं जिथे येतात तिथे त्यांना भोकं पाडा. मागच्या बाजूला बेलहाउसिंगच्या कडेच्या आकाराचा लाकडी ठोकळा कापून ठेवा आणि खालच्या दोन भोकांतून त्याला पट्टीने जखडा. भोकांची मापं आदल्या दिवशी विकणाऱ्याकडून फोटोत मागवा, शेजारी फूटपट्टी धरून काढलेला फोटो. तरी एखादं भोक चुकतंच. ड्रिल आणि दोन जास्तीचे अँगल सोबत असू द्या.

टायरची पद्धत अजून बरेच जण वापरतात, आणि गॅरेजच्या आत दोन तासांसाठी ती वाईट नाही. फक्त टायरखाली जाड प्लायवूड आणि मध्ये चेंबरपेक्षा उंच ठोकळे हवेत. रस्त्यावर मात्र टायर स्प्रिंगसारखा उसळतो. पट्टे कितीही आवळा, पहिल्याच खड्ड्यात टायर दबतो आणि पट्टे सैल पडतात.

इंजिन आडवं झोपवून आणायचा सल्ला मिळेल, कारण उंची कमी होते. ऐकू नका. काढून टाकल्यावरही अर्धा-पाऊण लिटर ऑइल आत राहतं आणि ते सिलिंडरमध्ये किंवा इनटेकमध्ये उतरतं. सेल्फ मारल्यावर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

विकणाऱ्याच्या दारात

पैसे द्यायच्या आधी इंजिन हाताने फिरवा. क्रँक पुलीच्या बोल्टला बॉक्स पाना लावून, इंजिन ज्या दिशेला चालतं त्या दिशेला, सावकाश दोन पूर्ण फेरे. प्लग काढले तर ते सारख्या जोराने फिरायला हवं. मध्येच टणक अडलं तर जोर करू नका. टायमिंग बेल्ट किंवा चेन काढून ठेवलेली असेल तर मुळीच फिरवू नका. पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात, आणि टायमिंग नसताना ते एकमेकांना भेटतात. इंजिन नंबरचा फोटो घ्या, तोच नंबर बिलावर लिहून घ्या. वायरिंगचे प्लग काढण्याआधी प्रत्येकाला चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर आकडा. फाउंडेशनचे ब्रॅकेट, त्याचे बोल्ट, सेन्सर, फ्लायव्हीलचे बोल्ट मागून घ्या. हे नंतर कधीच मिळत नाहीत. घरी पोहोचल्यावर फोन केला की 'बघतो' एवढंच उत्तर येतं.

मग ऑइल आणि कुलंट काढा. ऑइल फिल्टर तसाच राहू द्या, तो बुचासारखं काम करतो. ब्लॉकमधलं कुलंट ब्लॉकच्या ड्रेन बोल्टमधून निघतं. तो सापडला नाही तर वॉटर पंपाच्या तोंडाखाली भांडं धरा. सांडलेलं कुलंट लगेच पुसा. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. राहिलेलं पाणी वाटेत गळतंच, म्हणून चौकटीखाली जाड प्लास्टिक आणि त्यावर जुनं गोणपाट. माझ्या डिकीच्या गालिच्याला अजून तो वास येतो.

उघडी तोंडं बंद करताना आत बोळा कोंबू नका. आत कोंबलेली चिंधी विसरते आणि नंतर व्हॉल्व्हपर्यंत जाते. प्लास्टिकची पिशवी बाहेरून घालून टेप गुंडाळा, तीही भडक रंगाची. डिझेलच्या इंजेक्टरची तोंडं आणि हाय प्रेशर पाइप यांना मात्र नीट टोप्या हव्यात. तिथली धूळ डोळ्यांना दिसतही नाही आणि इंजेक्टर घेऊन जाते. टर्बोच्या दोन्ही तोंडांचंही तसंच. एक वॉशर आत पडला की टर्बो संपला.

उचल

इंजिनाच्या हेडवर कारखान्याचेच दोन उचल-कान असतात, बहुधा एक पुढे आणि एक मागे, तिरक्या कोपऱ्यांवर. ते असतील तर दुसरं काही शोधू नका. नसतील तर हेडवरची किंवा ब्लॉकवरची जाड आट्यांची भोकं वापरा. बोल्ट ८.८ ग्रेडचा, तो आकडा डोक्यावर कोरलेला असतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये आटे निदान व्यासाच्या दीडपट खोल बसायला हवेत: १० मि.मी.चा बोल्ट असेल तर १५ मि.मी. साखळीची कडी हेडला घट्ट चिकटलेली हवी, वर जाड वॉशर. बोल्ट लांब असल्यामुळे कडी बाहेर लोंबत असेल तर तो बोल्ट वाकतो. इनटेक मॅनिफोल्ड, अल्टरनेटरचं ब्रॅकेट, प्लास्टिकचं काहीही उचलायला वापरू नका. बाजारातला साधा दोर, कुत्र्याची साखळी, गाडी ओढायचा पट्टा हेही नको. उचलण्यासाठी बनवलेल्या साखळीवर किंवा पट्ट्यावर वजनाचा आकडा लिहिलेला असतो.

साखळी दोन कानांमधून वर हुकाकडे जाते तेव्हा ती किती पसरट आहे ते बघा. इंजिन १५० किलोचं असेल आणि साखळीचा प्रत्येक भाग जमिनीशी ६० अंशांचा कोन करत असेल तर त्यावर ८७ किलो येतात. ४५ अंशांना १०६. ३० अंशांना पूर्ण १५०, आणि तेही दोन्ही भागांवर. १५ अंशांपर्यंत आखूड ओढलीत तर २९० किलो, म्हणजे इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट; शिवाय हा ताण कानांना आत खेचतो आणि मधल्या प्लास्टिकच्या कव्हरला चिरडतो. उंची पुरत नाही म्हणून साखळी आखूड करायचा मोह याच ठिकाणी नडतो.

आता उचला, पण फक्त दोन बोटं. थांबा. इंजिन कुठल्या बाजूला कलतंय ते बघा. फ्लायव्हील आणि क्लच असतील तर मागची बाजू जड असते. खाली ठेवा, हूक एक कडी मागे घ्या, परत उचला. लेव्हलर (हूक आणि साखळी यांच्यामधली तोल सरकवायची दांडी) असेल तर त्याचं हँडल फिरवा. सपाट झालं की हाताने हलकं ढकलून बघा, बोल्ट करकरतात का ऐका, आणि मगच पुढे.

क्रेन ढकलत गाडीपर्यंत नेऊ नका. क्रेन जागेवर उभी ठेवा, इंजिन वर घ्या आणि गाडी सावकाश मागे घेऊन इंजिनाखाली आणा. क्रेनचे पाय गाडीच्या चाकांमधून खाली जातात. ते जातात की नाही हे आधी रिकाम्या क्रेननेच बघा. घरी पोहोचल्यावर उलटं: चौकट उचला आणि गाडी पुढे काढा. इंजिन जागचं हलत नाही, म्हणून झोकाही घेत नाही. क्रेन ढकलावीच लागली तर आधी इंजिन जमिनीपासून बोटभर अंतरावर आणा.

चौकट हौद्यात आधीच ठेवलेली असेल तर इंजिन थेट तिच्यावर उतरतं. पण मी तसं करत नाही. चौकट जमिनीवर ठेवून तिथे निवांत बोल्ट आवळतो, आणि मग चौकटीसकट दुसऱ्यांदा उचलतो. एक उचल वाढते, पण हौद्यात वाकून, लटकत्या इंजिनाखाली हात घालून भोकं जुळवणं टळतं.

बोटांबद्दल. ज्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे मी हे शिकलो ते सांगायचे, 'निसटलं तर निसटू दे रे, तू मागे हो.' ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पैसे मोजून घेतलेली वस्तू पडताना दिसली की हात आपोआप पुढे जातात. म्हणून उचलण्याआधीच ठरवा कोण कुठे उभं राहणार, मागे सरायची वाट मोकळी आहे का, आणि बोलणार कोण. 'खाली', 'थांब', 'वर' हे तीन शब्द एकाच माणसाच्या तोंडून यावेत. इंजिन वळवायला हात लावायचा तो बाजूने. खालून कधीच नाही. ठोकळा सरकवायचा तो काठीने.

बांधणं

गाडी कुठलीही असो, तिच्या पुस्तिकेतली वजन वाहण्याची मर्यादा बघा आणि त्यात माणसंही मोजा. हौदा असलेला पिकअप किंवा छोटा टेंपो सगळ्यात सोपा. चौकट हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे ब्रेकचा जोर भिंत घेते. ट्रेलर असेल तर वजन एक्सलच्या किंचित पुढे हवं. मागे गेलं की ट्रेलर वेग वाढताच शेपटीसारखा डुलायला लागतो. हॅचबॅकमध्ये मी शंभर किलोच्या वर जात नाही. मागची सीट पाडली की इंजिन आणि तुमची पाठ यांच्यामध्ये पट्ट्यांशिवाय काही उरत नाही, आणि दीडशे किलोचं इंजिन जोरदार ब्रेकला १२० किलोच्या जोराने पुढे येतं. टक्कर झाली तर त्याच्या कितीतरी पट. डिकीतले पिशव्या अडकवायचे प्लास्टिकचे हूक कामाचे नाहीत. फरशीला बोल्ट केलेल्या लोखंडी कड्याच वापरा.

चौकटीखाली रबराची चटई टाका. लाकूड रंगवलेल्या पत्र्यावर सहज सरकतं. रबराने पट्ट्यांचं अर्धं काम हलकं होतं. चार रॅचेट पट्टे, चारही कोपऱ्यांतून, पुढचे दोन पुढे आणि मागचे दोन मागे तिरके ओढलेले, म्हणजे दोन्ही दिशांना धरतात. पट्टे चौकटीला बांधा. पाचवा पट्टा इंजिनाच्या ब्लॉकवरून चौकटीच्या खालून घ्या, अँगलचा बोल्ट दगा देईल त्या वेळेसाठी. इंजेक्टरचे पाइप, फ्युएल रेल, प्लास्टिकचं मॅनिफोल्ड आणि ऑइलची दांडी यांच्यावरून पट्टा जाता कामा नये. धारदार कडेवर जुन्या टायरट्यूबचा तुकडा ठेवा. पट्ट्यावरच्या लेबलचा आकडा वाचा. सुरक्षित आकडा तुटण्याच्या आकड्याच्या साधारण एक तृतीयांश असतो, आणि दुकानदार मोठाच सांगतो. लेबल नसलेला, काठ विसकटलेला पट्टा कपडे वाळत घालायला ठेवा.

पट्टा रॅचेटच्या गोल्यावर दोन-तीन वेढे बसेल इतपतच सैल सोडा. जास्त गुंडाळला की हँडल अडकतं, एकच वेढा असला की सरकतो. उरलेलं टोक बांधून टाका, नाहीतर ते वाऱ्यावर फडफडत चाकापर्यंत पोहोचतं.

टायरमध्ये हवा, गाडी पूर्ण लादलेली असतानाच्या मापाने भरा. निघा. पाच-दहा किलोमीटरवर थांबून प्रत्येक पट्टा हाताने दाबून बघा. पहिल्या काही खड्ड्यांत चौकट बसते आणि पट्टे हमखास एक-दोन खाचा सैल होतात. पुढे जाणाऱ्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. गाणी बंद.

क्रेन नसेल तेव्हा उतरवणं

घरी क्रेन आली तर वरच्यासारखंच, उलट क्रमाने. नसेल तर उतार करा. हौद्याची उंची ८० सें.मी. आणि फळ्या ३.२ मीटर लांब असतील तर उतार चारास एक. चौकटीसकट १६० किलो असेल तर उताराने खाली ओढणारा जोर ४० किलोच्या आसपास येतो, आणि लाकडावर लाकूड घासण्याचा विरोध त्याहून जास्त असतो. म्हणजे चौकट आपणहून घसरत नाही. ती पहारीने थोडी-थोडी ढकलावी लागते. हे चांगलं आहे. म्हणूनच उतारावर खाली पाइप, चाकं किंवा ग्रीस घालू नका. ते घातलंत की ते चाळीस किलो मोकाट सुटतात. फळ्या पाच सें.मी. जाड, मध्ये टेकू, वरच्या टोकाला हौद्याला बांधलेल्या. गाडीच्या चाकांमागे दगड. हौद्याच्या पुढच्या कडीला हँड विंच (हाताने तार गुंडाळायचं यंत्र) लावून त्याची तार चौकटीच्या हौद्याकडच्या टोकाला बांधा आणि एकेक खाच सोडत चला. तार ताणलेली असताना तिच्या रेषेत आणि चौकटीच्या खालच्या बाजूला कुणीही नको. लहान मुलांना घरात पाठवा.

सपाट फरशीवर आल्यावर मात्र पाइप काढा. इंचभर जाडीचे चार-पाच लोखंडी पाइप, मागचा मोकळा झाला की पुढे. खाली चाकं लावायची असतील तर वजन चारऐवजी तिनांत भागा, कारण फरशी कधीच पूर्ण सपाट नसते आणि एक चाक अधूनमधून हवेत असतं.

छताच्या हुकाला किंवा पत्र्याच्या शेडच्या कैचीला चेन पुली अडकवू नका. ती किती पेलते हे तिच्याकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. चेन पुलीच वापरायची असेल तर स्वतंत्र तीन पायांची घोडी आणा, आणि तिचे पाय खाली साखळीने एकमेकांना बांधा, नाहीतर वजन येताच ते पसरतात.

खडूच्या चौकोनात

लगेच काम सुरू करणार नसाल तर इंजिन चौकटीवरच राहू द्या. स्टँडवर घ्यायचं तर फ्लायव्हील आणि क्लच काढावे लागतात, कारण स्टँडचे हात बेलहाउसिंगच्या बोल्टांवर बसतात. ते काम इंजिन चौकटीवर असतानाच करा. हात असे लावा की स्टँडचा फिरता दांडा क्रँकच्या जरा वर, इंजिनाच्या तोलाच्या रेषेत येईल; नाहीतर पिन काढल्याबरोबर इंजिन गर्रकन उलटतं आणि हँडल हनुवटीवर बसतं. दोनशे किलोच्या वरच्या इंजिनाला तीन चाकांचा स्टँड वापरू नका. आणि क्रेनवर टांगून रात्रभर सोडू नका. हायड्रॉलिक जॅक हळूहळू उतरतो. सकाळी इंजिन जमिनीवर, चेंबरवर टेकलेलं सापडतं.

साठवण फार अवघड नाही. पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, हाताने दोन फेरे द्या, प्लग परत लावा. वर सुती चादर टाका. प्लास्टिकने घट्ट गुंडाळलं तर आतल्या आत घाम धरतो आणि गंज चढतो. सुरू करायच्या दिवशी प्लग काढून आधी सेल्फने ते ऑइल बाहेर उडवा, तोंड बाजूला ठेवून.

शेवटचं काम दोन मिनिटांचं आहे. रुंद चिकटपट्टीवर ठळक अक्षरांत लिहा: 'ऑइल नाही. कुलंट नाही. इनटेकवर पिशवी आहे.' ती पट्टी सेल्फच्या टर्मिनलवर आडवी चिकटवा, म्हणजे वायर जोडायला गेलेल्या माणसाला ती फाडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.